एका चौकटीतल्या दोघी

गेल्या दिवाळीत तुम्ही दोघा नातवंडांनी आपल्या घराण्याचा छापील तक्ता पाठवलात, तो मी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे. कागद सुरेख आहे, छपाई त्याहून. पण आता नवा छापावा लागणार. का, ते नीट सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे. आधी इंग्रजीत सुरुवात केली होती. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि तुम्हालाही तेच सोपं जाईल. पण तुमच्या आत्याआजीचं बोलणं इंग्रजीत उतरवलं की ते फारच सभ्य होतं. तेव्हा मराठीच. जिथे अडेल तिथे आईला विचारा. नावं मी मुद्दाम कुणाचीच लिहिलेली नाहीत. ती तक्त्यात आहेत. शिवाय या हकिकतीत एक नाव असं आहे की ते कुठे उच्चारायचं हे मी ठरवणं बरं नाही.

वंशावळीचं काम मी निवृत्तीनंतर हाती घेतलं. माझ्या स्वभावाला ते मानवलं. प्रत्येक शाखेला वेगळी फाईल, प्रत्येक माणसाला एक कार्ड, आणि ज्याची खात्री नाही तिथे पेन्सिल. नातेवाइकांचा अनुभव मात्र मजेचा होता. माहिती मागितली की लोक सूर्योदयाचे फोटो पाठवतात. एका चुलत दिरांनी तर "कशाला उकरताय?" असं विचारून लगेच स्वतःच्या तीन पिढ्या तोंडपाठ सांगितल्या आणि वर बजावलं, "माझं शिक्षण लिहायला विसरू नका." हे सगळं गोळा झाल्यावर मी तुम्हाला पाठवलं आणि तू, नातवा, ते तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये भरलंस. इथपर्यंत सगळं ठीक.

तुझ्या पणजोबांच्या शेजारी मी दोन चौकटी काढल्या होत्या. दोन्हींत बायकोचं नाव एकच. अ‍ॅपनं तुला विचारलं की ही एकच व्यक्ती आहे का, आणि तू हो म्हणालास. तक्ता हातात पडल्यावर मी तुला विचारलं तेव्हा तू किती सहज म्हणालास, "अगं आजी, तू एकच बाई दोनदा टाकली होतीस. मी फिक्स केलं."

तुझी चूक नाही. सारखं नाव, सारखा नवरा, सारखं घर असं पाहिल्यावर कुणीही तेच केलं असतं. पण त्या दोघी होत्या.

पूर्वी आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, नावसुद्धा बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. नाव काय ठेवायचं ते सासरची मंडळी ठरवत. तुमच्या पणजोबांची पहिली बायको लहान वयात तापानं गेली. मागे तीन वर्षांची मुलगी होती. ती तुमची आत्याआजी, म्हणजे माझ्या वन्सं. काही वर्षांनी पणजोबांचं दुसरं लग्न झालं. त्या माझ्या सासूबाई, तुमच्या आजोबांच्या आई. त्यांना ताटात जे नाव लिहून मिळालं ते पहिलीचंच.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या पितृपक्षात मला हे कळलं. त्यातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची आठवण म्हणून एका सवाष्णीला जेवायला बोलावतात. सासूबाईंनी पहाटे उठून पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक स्वतः केला. मला कशाला हात लावू दिला नाही. मी विचारलं, "हे कुणासाठी?" तेव्हा त्यांनी सांगितलं. नाव एकच कसं, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. पुरणयंत्र धुता धुता त्या म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या भांड्यांवर तिचं नाव घातलेलं होतं. नवं नाव ठेवून परत सगळ्या भांड्यांवर कोण घालत बसणार?"

त्या हसल्या. मी हसले नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला पुष्कळ मतं होती.

तर तक्ता. तू तो सगळ्या वडीलधाऱ्यांना परस्पर पाठवलास, तसा सदाशिव पेठेत वन्संनाही गेला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "ये जरा. चष्मा घेऊन ये."

वन्सं नव्वदीच्या आहेत. दिवसभर सोबतीला एक बाई असतात आणि त्यांच्या स्वयंपाकाबद्दल वन्सं रोज एक नवं मत देतात. मी गेले तेव्हा तक्ता दिवाणावर पसरलेला होता. चारी कोपऱ्यांवर चार डबे ठेवलेले.

"हे वाच," त्यांनी बोट ठेवलं. "इथे माझा जन्म. आणि इथे माझ्या आईवडिलांचं लग्न. आता वजाबाकी कर. तू तर इंग्रजी शाळेतली."

मी केली. अ‍ॅपनं दोन चौकटींची एक करताना लग्नाचं साल दुसऱ्या लग्नाचं धरलं होतं.

"नव्वदी गाठली आणि मला लग्नाआधीची करून ठेवलंत," वन्सं म्हणाल्या. "आणि वर भिंतीवर लावायला फ्रेमचा आकार!"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण तक्त्यावरचं बोट काढलं नाही.

"चूक झाली, वन्सं. मी दोघींच्या वेगळ्या चौकटी केल्या होत्या. पोरानं एक केली. आज सांगते, परत वेगळ्या करेल."

"थांब. वेगळ्या केल्यावर मी कुणाच्या खाली?"

"पहिल्या आईंच्या."

"आणि हा?" हा म्हणजे तुमचे आजोबा.

"सासूबाईंच्या."

"म्हणजे आमच्या मधे रेघ."

त्यांनी एक डबा उचलून बाजूला ठेवला, तसा तक्त्याचा कोपरा गुंडाळला गेला.

"मला गोवर आला तेव्हा आई उशाशी बसून होती. मॅट्रिकला बसू नको म्हणून वडील म्हणाले तेव्हा त्यांच्याशी भांडली ती आईच. माझी आई! शेवटी ती गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, या तुझ्या नवऱ्याच्या नाही. सावत्र हा शब्द त्या घरात कुणी काढला नाही. दिवाळीला मी आईच्याच माहेरी जायची. तेच माझं आजोळ. आणि आता तुम्ही छापून सांगणार?"

जरा वेळानं त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात दोन मामा आले होते. मामा मुलीच्या मागे उभा राहतो ना, तर आईचा भाऊ उभा राहिला. दुसरा समोर पाहुण्यांत बसला होता. काळी टोपी. अक्षता टाकल्या, जेवला आणि गेला. तो माझ्या सख्ख्या आईचा भाऊ होता हे मला मागाहून कळलं. तो नंतर कधी आला नाही आणि मीही कधी गेले नाही. मी गेले असते तर आईला काय वाटलं असतं?"

घरी येऊन मी आजोबांना सगळं सांगितलं. "अहो, आता तुम्हीच ठरवा."

"मला काय विचारतेस? मी बराच नंतर आलो," ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले. मग पेपर खाली ठेवला. "ती माझी सख्खी बहीण आहे. तुझ्या तक्त्याला ते दाखवता येत नसेल तर तक्ता फाड."

तेव्हा अडचण अशी होती. एक चौकट ठेवायची तर तीन वर्षांची मुलगी मागे ठेवून गेलेली ती बाई पुसली जाते. दोन ठेवायच्या तर नव्वद वर्षांच्या वन्सं आपल्याच घरात एकाएकी अर्ध्या होतात. माझ्या फायलींत याला उत्तर नव्हतं. मी तुला "थांब" एवढंच कळवलं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला, ते यामुळे.

मग एके सकाळी मी भाजीवाल्यापाशी कोथिंबीर निवडत असताना वन्संचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तिचं."

"वन्सं, दोघींचं एकच..."

"ते आपल्या घरचं झालं. तिच्या बापानं ठेवलेलं काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आजोबांनाही नव्हतं. "तुम्हाला काहीच आठवत नाही?" मी विचारलं.

"तीन वर्षांची होते. तीन वर्षांच्या मुलीला आईचं नाव काय असतं? आई."

त्या दुपारी मी तक्त्यासमोर उभी राहिले आणि आपल्या घरात लग्न होऊन आलेल्या बायका एकेक करून पाहिल्या. सगळ्या सासरच्या नावानं होत्या. मीसुद्धा. माझी चौकट मीच भरली होती आणि तेव्हा मला काही वावगं वाटलं नव्हतं. माझं माहेरचं नाव तुम्हा दोघांना ठाऊक आहे का? पुढच्या फोनवर विचारा, सांगेन. मला ते आवडायचं.

वन्संना त्या काळ्या टोपीवाल्या मामाचं आडनाव आणि सासवडच्या पलीकडचं गाव एवढं माहीत होतं. त्या घराण्याची वंशावळ राखणारे गृहस्थ पुण्यातच निघाले. बँकेतून निवृत्त, आवाज अगदी मृदू.

"काकू, आमच्याकडे मुलींची नोंद नाही," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या घरी जातात ना. ती सासरच्या लोकांनी ठेवायची."

"सासरची मीच. माझ्याकडे सासरचं नाव आहे. माहेरचं तुमच्याकडे हवं."

"तुमचं बरोबर आहे. पण पद्धत तशी आहे."

"आणि तुमच्या घराण्यातली मुलं कुठून आली म्हणायची? कुरिअरनं?"

त्यांना राग आला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी माझा निरोप त्यांच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकायचं कबूल केलं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ अस्वस्थ होते. दोन्ही घराण्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि त्यामुळेच ती बाई दोन्हीकडे नव्हती. माहेरच्यांनी ती दुसऱ्या घरी गेली म्हणून लिहिली नाही. सासरी आली ती दुसऱ्याच नावानं आली आणि ते नावही पुढच्या बाईला देऊन टाकलं गेलं. यात कुणी दुष्टपणा केला नव्हता. सगळे रीतीप्रमाणे वागले होते.

ग्रुपवरून आधी जोडलेल्या हातांची चित्रं तेवढी आली. आठवडाभरानं एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. आवाज खणखणीत.

"आत्याचं नाव विचारणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"हो. तुम्ही कोण?"

"तिच्या भावाची मुलगी. हडपसरला असते, लेकाकडे. आत्या गेली आणि पुढच्या वर्षी मी झाले. बाबांनी तिचंच नाव मला ठेवलं."

मग माझी शंका पुढे आलीच. "पण तुमचंही लग्नात बदललं असेल ना?"

"नाही बदललं. बाबांनी लग्न ठरवताना एकच अट घातली होती. मुलीचं नाव बदलायचं नाही. दोन स्थळं तेवढ्यावरून फिरली. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, एकदा पुसलं गेलं तेवढं पुरे. तर माझं नाव..."

"थांबा," मी म्हणाले. "मला सांगू नका. आधी वन्संना कळू दे."

"मग घेऊन या त्यांना. मला आता बाहेर पडवत नाही. त्यांना जिना चढवत नसेल, पण आमच्याकडे लिफ्ट आहे."

आम्ही टॅक्सीनं गेलो. पुलाखालच्या गर्दीत बस, रिक्षा आणि दुचाकी एकमेकींच्या अंगावर येत होत्या. वन्सं काचेला नाक लावून बघत होत्या. "हे हडपसर? मी पाहिलं तेव्हा इथे कांद्याची शेतं होती." नंतर मांजरी गावाच्या रस्त्याला लागलो, तशा त्या काचेपासून मागे सरकून बसल्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. पर्स दोन्ही हातांनी धरली होती.

सोसायटीच्या दारावर पहारेकऱ्यानं वही पुढे केली. मी फ्लॅटचा नंबर सांगितला.

"नाम बताइए, मॅडम. किनसे मिलना है?"

"तेच विचारायला आलोय," मी मराठीत म्हणाले. तो बघतच राहिला. वन्सं मात्र खदखदून हसल्या आणि त्यांचा हात जरा सैल झाला.

अकराव्या मजल्यावर दार उघडंच होतं. काठी टेकवून एक ठेंगणी बाई उभी होती. पांढरा अंबाडा, कानात यंत्र. वन्संकडे बघून तिनं फक्त स्वतःचं नाव सांगितलं.

वन्सं उंबऱ्यातच थांबल्या. "परत सांग," त्या म्हणाल्या.

तिनं परत सांगितलं. या वेळी सावकाश.

आम्ही आत जाऊन बसलो. सुनेनं पाणी आणलं. मग वन्संनी विचारलं, "कशी होती?"

"मी कुठे पाहिलं तिला? पण लहानपणभर बोलणी मात्र तिच्या वाटची खाल्ली. मी काही केलं की आजी म्हणायची, आली परत तीच. ती शीळ घालायची म्हणे. मुलीच्या जातीनं! गोठ्यात जाऊन घालायची, म्हशी ओळखायच्या. मला शीळ येतच नाही. तरी आजी मला ओरडायची, घालशील म्हणून."

"शीळ," वन्सं म्हणाल्या. एवढंच.

"आणि दूध प्यायची नाही. भाकरी ताकात कुस्करून. आणि उंच होती, बाबांच्याही वर. मी ही अशी. नाव दिलं, उंची द्यायला विसरली."

वन्सं ऐकत होत्या आणि मधूनच मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी ते काढलंच. "मामा माझ्या लग्नाला आला होता. समोर बसला. मागे उभा राहिला नाही."

"ते बाबा पुष्कळदा सांगायचे," ती म्हणाली. "तुमची आई आदल्या दिवशी स्वतः त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली, उद्या तुम्ही उभे राहा, तुमचा मान आहे. बाबाच नाही म्हणाले. ज्या घरानं मुलीला आजोळ दिलं त्या घरच्या मामानं उभं राहायचं, असं म्हणाले. मग पंगतीत तुमच्या आईनं त्यांना स्वतः वाढलं. आग्रहाची जिलबी घातली, ती बाबा शेवटपर्यंत विसरले नाहीत."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "आई गेली होती? मला कधी बोलली नाही."

"मलाही नाही, वन्सं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आईला वाईट वाटेल म्हणून ज्या दाराकडे त्या जन्मभर फिरकल्या नाहीत, त्या दारात आई त्यांच्या आधी येऊन गेली होती. मी तिथे बसून तेच मनाशी म्हणत होते. त्यांनी मात्र वेगळंच काही ठरवलं असावं, कारण पुढचं वाक्य व्यवहाराचं होतं.

"दोन चौकटी कर," त्या म्हणाल्या. "पहिलीत तिचं नाव घाल, हे, बापानं ठेवलेलं. दुसरीत आईचं. आणि माझ्याकडे दोघींकडून रेघ आण. दोन रेघा."

"आणि यांच्याकडे?"

"त्याची तीच. तो नंतर आला, त्याला एकच मिळणार." मग जरा थांबून, "आणि सावत्र हा शब्द तुझ्या त्या मशीनला येत असेल तर त्याला विसरायला लाव."

तेव्हा नातवा, हे तुझं काम. दोन चौकटी, वन्संकडे दोन रेघा, आणि कुठलंही विशेषण नको. अ‍ॅप ऐकत नसेल तर छापण्याआधी हातानं काढून पाठव, मला चालेल. आणि नाती, तू घरातल्या बाकीच्या बायकांची माहेरची नावं मिळवायला मला मदत कर. बऱ्याच जणी हयात आहेत. विचारलं की सांगतील. आजवर कुणी विचारलं नाही एवढंच. बँकेतल्या त्या गृहस्थांनीही परवा फोन करून विचारलं की मुलींच्या चौकटी कुठल्या बाजूला काढायच्या. मी म्हटलं, भावांच्या शेजारी.

त्या दिवशी मी आजोबांना कळवायला म्हणून गॅलरीत गेले. खाली मांजरीकडचा ऊस दिसत होता, आणि उसाच्या मधोमध अर्धवट बांधलेल्या तीन इमारती. फोन लागत नव्हता. आत दोघींचं काहीतरी चाललं होतं, कुणाचे गुडघे जास्त दुखतात याबद्दल असावं. सुनेनं चहा ठेवलेला दिसला. मग वन्संचा आवाज आला. त्यांनी तिला हाक मारली, नुसत्या नावानं, धाकट्या बहिणीला मारतात तशी. आणि लगेच पुढे, "चहा फार गोड केलाय गं तुझ्या सुनेनं. माझ्यासाठी दुसरा करायला सांग."